शिदोरीवाले पुरूभाऊ

पुरूभाऊ झाडे बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत डोकं घालतात आणि विचारतात, "हिंगनघाटची पुढची बस कितीले हाय? आन् बसच नसन तर?"

खिडकीतला माणूस पहिल्यांदा चिडला होता. दुसऱ्यांदा त्याने खिडकीच लावून घेतली. आता इतकी वर्षं झाली, की तो मान वर न करता सांगतो, "साडेदहा. नसन तर नाई." पुरूभाऊ खूश. बाजूला येऊन मला म्हणतात, "पाहा दिनेशभाऊ, हा मानूस सुधरला. 'नाई' हे बी उत्तर हाय. सरळ 'नाई' म्हनाव. गप बसू नये, आन् काईच्या काई ठोकून बी देऊ नये."

समुद्रपुरात हा प्रश्न त्यांनी ज्याला विचारला नाही असा माणूस सापडायचा नाही. माझ्या साळ्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आम्ही गेलो, तर त्यांनी ती उलटूनपालटून पाहिली आणि अगदी गंभीर होऊन म्हणाले, "वरात येईन, बँड येईन, ते ठीक हाय. नवरदेवच नसन तर?" नवरदेव माझ्या बाजूलाच बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, "जिजाजी, या मानसाले पहिल्या पंगतीले नोका बसवू."

तर हा माणूस करतो काय, ते आधी सांगतो. मला स्वतःला ते समजायला बराच काळ गेला, तेव्हा तुम्हीही घाई करू नका.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि दुकानाला लागून पुरूभाऊंचं घर. ते पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. आई आजारी पडली म्हणून गावी आले, आईचं सगळं केलं, आई गेली, आणि हे इथेच राहिले. लग्न केलं नाही. पोटापुरतं काम घरी बसूनच कुठल्याशा कंपनीचं करतात, तेही दुपारपर्यंत. दुपारनंतर त्यांचं खरं काम सुरू होतं, जे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आता पाहा, घर बांधणारा माणूस नळाचा एल्बो काही स्वतः ओतत नाही. तो माझ्याकडे येतो, एल्बो नेतो, सॉकेट नेतो, आणि कामाला लागतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंही तसंच. यादी उलटी कर, यादीतलं पहिलं काढ, दोन याद्या जोड, असली बारकी कामं ते दरवेळी स्वतः लिहीत बसत नाहीत. प्रोग्राम ज्या भाषेत लिहायचा तिच्यासोबतच ती तयार मिळतात. त्याला ते लोक स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. मी फिटिंगचा डबा म्हणतो, आणि पुरूभाऊंची त्याला हरकत नाही. तर पुरूभाऊंची जी लाडकी भाषा आहे, तिच्यासोबत आलेला डबा त्यांना पसंत पडला नाही. म्हणून त्यांनी अख्खा डबा नव्याने केला. एकट्याने, समुद्रपुरात बसून.

"पसंत काऊन नाई पडला?" मी एकदा विचारलं.

"तुमी गिऱ्हाइकाले म्हनता, डब्यातला पहिला नट काढून देतो. हात घातला, डबा रिकामा. मंग काय करता?"

"सांगतो ना बावा, संपला म्हनून."

"हां. तुमी सांगता. तो जुना डबा काय करते माहीत हाय? जाग्यावर मरते. रिकाम्या डब्यात हात घातला का शटर खाली, लाइट बंद, गिऱ्हाइक बाहेर. एका नटापायी अख्खं दुकान बंद."

मी हसलो. ते हसले नाहीत. घरात कोणाचं काही झाल्यासारखा चेहरा करून बसले. मग हळूच म्हणाले, "आन् हे सगळ्याईले माहीत हाय. माहीत असून चालवून राह्यले."

त्यांनी केलेल्या डब्याचं नाव 'शिदोरी'. परदेशातले लोक त्याला 'शिडोरी' म्हणतात, आणि पुरूभाऊंना त्याचं काही वाटत नाही. नाव असं का, तर म्हणे घरून निघताना जे जे लागेल ते सगळं सोबत असावं, आणि वाटेत दगा देऊ नये.

शिदोरीतल्या प्रत्येक फिटिंगला सामान देण्याचा क्रम एकच असतो. कुठे आधी यादी मग काम, कुठे आधी काम मग यादी, असला गोंधळ त्यांना सहन होत नाही. दुर्दैवाने तो त्यांना माझ्या दुकानातही सहन झाला नाही. मी तेराव्याच्या जेवणाला नागपूरला गेलो होतो आणि दुकानाकडे जरा लक्ष ठेवा म्हणून त्यांना सांगून गेलो होतो. परत येऊन पाहतो, तर साऱ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या नव्या. पूर्वी कुठे 'एल्बो अर्धा इंच' होतं, कुठे 'अर्धा इंच टी'. आता सगळीकडे आधी माप, मग जात. डबेही त्याच क्रमाने लावलेले. आठवडाभर मला माझ्याच दुकानात एक सॉकेट सापडेना. गिऱ्हाइकासमोर मी आ वासून उभा, आणि पुरूभाऊ दारातून सांगताहेत, "आधी माप पाहा, दिनेशभाऊ. माप पाहा." माझ्या डोक्याला नुसता ताप. पण खरं सांगतो, पुढे चिठ्ठ्या जुन्यासारख्या करायला बसलो, तर हात होईना. डोळ्यांना तो नवा क्रम गोड वाटायला लागला होता. तेव्हापासून दुकान तसंच आहे.

त्या भाषेचा आणखी एक स्वभाव आहे. कोणी मागितल्याशिवाय ती काम करतच नाही. हजार गोष्टी तयार कर म्हणा, ती हो म्हणते आणि स्वस्थ बसून राहते. तुम्ही त्यातली तिसरी मागितली, की तेवढ्यापुरती उठते. पुरूभाऊंच्या मते हा फार थोर गुण आहे. असल्या गुणाचे नोकर मी दुकानातून काढून टाकले आहेत, पण ते जाऊ द्या.

आमचा केळझरच्या गणपतीला नवस होता. तिथे रोडग्याचं जेवण केलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. ते चुरायचे, वर वरण, वांग्याची भाजी, आणि तूप. तूप नसेल तर रोडगा घशात बसतो, खाली उतरत नाही. माझ्या बायकोने, रेखाने, तुपाचं भांडं पुरूभाऊंच्या हातात दिलं आणि ती भाजी पाहायला गेली. पुरूभाऊ भांडं घेऊन पंगतीतून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. चेहरा प्रसन्न. आणि अख्खी पंगत कोरडे रोडगे चावते आहे. सगळ्यांचे डोळे त्या भांड्यामागे फिरताहेत, पण बोलतं कोण? पंगतीत बसून तूप मागायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. माझ्या मोठ्या काकाजींना ठसका लागला तेव्हा रेखा धावत आली.

"भाऊजी, तूप काऊन नाई वाढून राह्यले?"

"कोनी मागतलंच नाई, वहिनी."

"तूप मागाची वस्तू हाय का? मानूस नाई नाई म्हनत असते आन् आपन वाढा लागते."

पुरूभाऊ भांडं घेऊन तिथेच उभे राहिले. विचारात पडले. "म्हनजे 'नाई' म्हनलं तरी वाढाचं?"

"हाव."

"आन् एखाद्याले खरंच नको असन तर?"

"ते हातावरून समजते. नुसतं तोंडानं म्हनलं तर वाढा. पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले तर खरं."

मी सांगतो, त्यानंतर त्या माणसाने जे तूप वाढलं, तसं केळझरला कोणी वाढलं नसेल. प्रत्येकासमोर वाकून आधी त्याचे हात निरखायचे, मग धार. काकाजींचा एक हात भाकरी मोडल्यासारखा रोडग्यात गुंतलेला, म्हणजे दोन्ही हात आडवे येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या पत्रावळीतून तूप ओघळून शेजारच्याकडे गेलं. परतीच्या वाटेवर पुरूभाऊ गाडीत एवढंच म्हणाले, "वहिनीचं बरोबर हाय. पन हे कुठी लिवून नाई."

इथपर्यंत मी त्यांना हसण्यावारी नेत होतो. गावही नेत होतं. एका दुपारी मात्र माझं हसणं थांबलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते कोणाचीतरी तक्रार वाचत होते. जगभरातून लोक त्यांना अशा तक्रारी लिहायचे, शिदोरीत हे चुकतं, ते अडतं. पुरूभाऊ प्रत्येकाला उत्तर देत. ही तक्रार एका अशा माणसाची होती जो दर आठवड्याला काहीतरी खोट काढायचाच. मी विचारलं, "कोन हाय हा किरकिऱ्या?"

"होड्यांवाला," पुरूभाऊ म्हणाले. "लय वरच्या देशात राह्यते, बर्फाच्या. तिथं मासे धरनाऱ्या होड्या समुद्रात जातात. कोनती होडी कुठी हाय, तिकडे वारा कसा हाय, हे सांगनारा प्रोग्राम हा चालवते."

"मंग त्याचं तुमच्याजवळ काय काम?"

"त्याचं असं झालतं. एक दिवस मोठं वादळ आलं. एकही होडी बाहेर गेली नाई. म्हनजे होड्याईची यादी रिकामी. त्याच्या प्रोग्रामनं त्या यादीतली पहिली होडी मागतली, आन् जाग्यावर मेला. वादळाच्या दिवशीच वाऱ्याची खबर बंद. मंग त्यानं शोधून शोधून शिदोरी काढली. तवापासून नाई मेला."

बाहेर बस स्टँडवर कंडक्टर वर्धा वर्धा ओरडत होता, कापसाची गाडी रस्त्यात अडकली होती. आमच्या गावाच्या नावात समुद्र आहे, तेवढाच. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पुरूभाऊंनी पुण्याला असताना एकदा पाहिला होता, त्यातही भरती नव्हती म्हणे. आणि या माणसाने पंख्याखाली बसून केलेल्या फिटिंगवर कुठल्यातरी बर्फाच्या देशातले कोळी वारा पाहून घराबाहेर पडत होते. त्यांना समुद्रपूर माहीत नाही, पुरूभाऊ माहीत नाहीत. मी दुकानात परत आलो आणि रेखाला सांगितलं, "बाजूचा मानूस लय मोठा हाय." ती म्हणाली, "मले माहीत हाय. काल त्याईनं स्वैपाकच नाई केला, डबा देऊन या."

मग ती बातमी आली. भाषा चालवणाऱ्या लोकांनी ठरवलं की पुढच्या आवृत्तीत पुरूभाऊंची फिटिंगं भाषेच्या स्वतःच्या डब्यातच घ्यायची. इतकी वर्षं ज्यांनी नाक मुरडलं, त्यांनीच मान तुकवली. आता कोणाला शिदोरी वेगळी आणायची गरज नाही. भाषा घेतली की पुरूभाऊंचं काम आपोआप आलंच.

मी लगेच फ्लेक्स छापला. मोठा, चौकात लावण्याएवढा. पुरूभाऊंचा फोटो, खाली 'समुद्रपूरचे सुपुत्र', आणि त्याखाली कॉम्प्युटर, समुद्र आणि माझ्या दुकानाचा पत्ता. हौसेने त्यांना दाखवायला नेलं. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "उतरवाची तारीख कुठी हाय?"

"कायची तारीख?"

"लावलं तवाच लिवा लागते, कवा उतरवनार ते. नाई तं लोक त्याच्या भरवशावर राह्यतात."

मला तेव्हा वाटलं हे फ्लेक्सबद्दल बोलताहेत. ते शिदोरीबद्दल बोलत होते. त्यांनी शिदोरी बंद करायचं ठरवलं होतं.

इथे माझं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. कारण मी रोज पाहत होतो. सकाळी उठले की तक्रारी, जेवताना तक्रारी, संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन तक्रारींच्या गोष्टी. कोण काय म्हणालं, कोणाला मुलगी झाली म्हणून उत्तर उशिरा आलं, कोणाच्या देशात लाइट गेली. या माणसाचं सारं गणगोत त्या तक्रारींत होतं. शिदोरी बंद म्हणजे ते सगळं बंद. आणि कोणी जा म्हणत नव्हतं. कितीतरी जणांनी लिहिलं होतं, तुम्ही चालू ठेवा, आम्ही तुमच्याकडेच राहतो.

"ठेवा ना मंग चालू," मी म्हणालो. "लोक स्वतःहून राहून राह्यले, तुमाले काय तरास हाय?"

"एका कामाचे दोन डबे झाले, तर नवीन शिकनारा गोंधळते. कोनता घेऊ म्हनते. माह्या डब्यातलं सारं तिकडे भेटून राह्यलं, मंग मी त्याले इकडे काऊन अडवू?"

"आन् तुमी?"

"माह्यं काय? मी इथीच हाय."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी उभ्या जन्मात धंद्यात पाहिलं नाही. दुकान बंद करणारे पाहिले, शेजारच्याचं गिऱ्हाईक पळवणारे पाहिले. आपलं गिऱ्हाईक हाताला धरून दुसऱ्याच्या दुकानात नेऊन बसवणारा पाहिला नव्हता. त्यांनी एक अवजार लिहिलं. तुमचा प्रोग्राम त्याला द्यायचा, की ते शिदोरीचं एकेक फिटिंग काढून तिथे नव्या डब्यातलं बसवतं, आणि जिथे बसत नाही तिथे थांबून नीट समजावतं. पूर्ण उन्हाळा ते त्यात गेले. कूलर लावायचंही भान नव्हतं. लोकांना आपल्यापासून जाताना जराही खरचटू नये, एवढ्यासाठी तो माणूस घामाने निथळत बसला होता.

लोक गेले. आभार मानून गेले. तक्रारी कमी होत होत थांबल्या. सगळ्यात शेवटी होड्यांवाला राहिला. त्याच्या प्रोग्राममध्ये एक फिटिंग नव्या डब्याशी जुळत नव्हतं. तो म्हणाला, जाऊ द्या, मी शिदोरीवरच राहतो. पुरूभाऊंनी गप्प बसायचं होतं, एक माणूस तरी राहिला असता. पण त्यांनी त्याचा सारा प्रोग्राम मागवून घेतला, ओळ न् ओळ वाचला, अडलेलं सोडवून दिलं आणि त्याला पाठवून दिलं.

त्यानंतर ते संध्याकाळी दुकानात यायचे बंद झाले. आले तरी दारातून हात करून जायचे. सांगायला काही नव्हतं.

एका दुपारी रेखाने भरीत-भाकर बांधली आणि मला म्हणाली, "चला, तुमी बी चला." आम्ही गेलो तेव्हा पुरूभाऊ स्क्रीनसमोर बसले होते. स्क्रीनवर निळा नकाशा, त्यावर बारके ठिपके.

"काय हाय हे?" मी विचारलं.

"होड्यांवाल्याचं पान हाय. कोनाले बी दिसते."

"काई अडलं का त्याचं?"

"नाई. चांगलं चालून राह्यलं."

"मंग काऊन पाहून राह्यले?"

त्यांनी नकाशा जरा मोठा केला आणि म्हणाले, "तिकडे काल रातभर वारा होता. म्हनलं, सगळ्या होड्या आल्या का पाहू. दोन दिसून नाई राह्यल्या."

"त्याले लिहा ना मंग. विचारा."

"काय लिहू?" ते माझ्याकडे वळले. "आमचं बोलनं तक्रारीवर होतं, दिनेशभाऊ. आता तक्रार नाई. काम नसताना कोनाले लिहनं बरं दिसत नाई."

इतक्या वर्षांची ओळख, आठवड्याला एक पत्र, आणि आता त्या माणसाशी बोलायला ह्यांच्याजवळ कारण उरलं नव्हतं. ते कारण त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवलं होतं. रेखाने डबा टेबलावर ठेवला.

"जेवले का म्हनून विचारा," ती म्हणाली.

"असं कसं विचारू?"

"सारी दुनिया हेच विचारते, भाऊजी. दुसरं काय बोलतात लोक?"

पुरूभाऊंनी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. इंग्रजीत ते फार उघडं दिसतं म्हणाले, तरी तेवढंच ठेवलं आणि पाठवून दिलं. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. रेखा ताटलीत भरीत काढत होती, तोवर उत्तर आलंसुद्धा.

त्यांनी ते एकदा मनात वाचलं, मग आम्हाला सांगितलं. "तिकडे आता सकाळ हाय. पाव खाल्ला, कॉफी घेतली म्हनते. त्या दोन होड्या बाजूच्या गावाले लागल्या म्हनते, मानसं ठीक हायेत." शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् विचारून राह्यला, तुमी जेवले का."

"लिहा मंग, हाव म्हनून," मी म्हणालो.

"मी कुठी जेवलो?"

"जेवतो आता, असं लिहा."

"त्यानं तसं नाई विचारलं."

त्यांनी ताटली जवळ ओढली, भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवायला लागले. मोठमोठे घास, भराभर. रेखाने आणखी भरीत वाढलं, त्यांनी हात आडवे धरले नाहीत. संपवून उठले, हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि खुर्चीत बसून 'हाव' लिहिलं. पाठवलं मात्र नाही. खुर्ची पुढे ओढून आणखी लिहायला लागले.

आम्ही भांडी घेऊन दाराशी आलो तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "वहिनी, वांगं आरात भाजता का गॅसवर? त्याले नीट सांगा लागन."